पूमसे पाठ होते, पण बसत नाही: तेगुक इल जांग शिकण्याचा क्रम आणि दोजांगमधले नियम

तेगुक इल जांग ही तायक्वांदोतली पहिली पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. पहिल्या-दुसऱ्या बेल्ट परीक्षेला बहुतेक मुलं ती पाढे म्हणावेत तशी धडाधड करून दाखवतात. डावीकडे वळणं, आरे माक्की (खालचा बचाव), पुढे पाऊल, ठोसा. एकही हालचाल विसरत नाहीत. तरी परीक्षक मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीतच असतात आणि बाहेर पालक विचारतात, "सगळं तर केलं, मग मार्क गेले कुठे?" मार्क जातात उभं राहण्यात, वळण्यात आणि हात सुटण्याच्या जागी. क्रमाला फारसे मार्क नसतातच. तो यायलाच हवा, असं गृहीत धरलेलं असतं.

घोळ होतो तो शिकण्याच्या क्रमात. व्हिडिओ बघून आधी हालचाली पाठ करायच्या आणि "फिनिशिंग" नंतर बघू, असा बेत असतो. पण शंभर वेळा वाकड्या पायावर केलेली पूमसे सरळ करायला नवी शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून इथे उलटा क्रम दिला आहे. आधी पाय, मग वळणं, मग हात, आणि पाठांतर त्यानंतर. उदाहरण तेगुक इल जांगचं घेतलं आहे, कारण पुढच्या पूमसेंमधल्या निम्म्या चुका इथेच रुजतात.

## सुरू करण्याआधी

१. आपली पद्धत कोणती ते सरांना विचारा. सोलमधलं कुक्कीवॉन (तायक्वांदोचं मुख्य केंद्र) आणि वर्ल्ड तायक्वांदो (खेळाची जागतिक संघटना) यांच्या पद्धतीत रंगीत पट्ट्यांसाठी तेगुकच्या आठ पूमसे आहेत आणि ब्लॅक बेल्टपासून पुढे कोर्योपासून इल्योपर्यंत नऊ. आयटीएफ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या क्लासमध्ये याच जागी 'तूल' असतात. ते चोवीस आहेत आणि पहिल्या चोन-जीमध्ये १९ हालचाली येतात. तांग सू दो या वेगळ्या कोरियन पद्धतीत 'ह्योंग' शिकवतात. काही जुन्या क्लासमध्ये तेगुकच्या आधीची पालग्वे मालिकाही अजून चालते. यातलं काही चूक नाही, पण सरमिसळ चालत नाही. आयटीएफमध्ये हालचालीबरोबर शरीर मुद्दाम खाली-वर होतं, तर कुक्कीवॉन पद्धतीत डोकं एकाच उंचीवरून सरकलं पाहिजे. दोन्हीकडचे व्हिडिओ बघून केलेली पूमसे कुठल्याच परीक्षेत पास होत नाही.

२. व्हिडिओ पाठीमागून काढलेला निवडा. समोरून काढलेला व्हिडिओ बघून शिकणारी मुलं डावं-उजवं हमखास उलटं करतात. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःला बघतानाही हाच गोंधळ होतो, कारण तिथे चित्र आरशासारखं उलटं दिसतं. खूण साधी आहे. इल जांगमधलं पहिलं वळण डावीकडे असतं आणि पहिला हलतो तो डावा पाय. व्हिडिओत उजवीकडे वळताना दिसलं तर तो उलटा आहे असं समजा.

३. जागा. मोठ्या माणसाला चार बाय चार मीटर मोकळी जागा पुरते. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंग चालेल. फरशीच्या रेघांचा उपयोग करून घ्या, दिशा सरळ राहायला त्या फार कामी येतात. सुरुवातीच्या जागी खडूने किंवा चिकटपट्टीने फुली मारा. ती शेवटपर्यंत लागणार आहे.

> सावधान: रबरी जोडमॅटवर अनवाणी पाय चिकटतो. तळवा जागेवर अडकलेला असताना शरीर फिरलं, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. अशा मॅटवर वळणांचा सराव सावकाश करा आणि फिरताना टाच किंचित उचललेली ठेवा. ओल्या फरशीवर सराव करूच नका. पावसाळ्यात गच्चीचा मोह सोडा.

## टप्पा १: फक्त पाय

इल जांगमध्ये चालतानाच्या दोनच सोग्या, म्हणजे उभं राहायच्या पद्धती, आहेत. आप सोगी, म्हणजे चालण्याइतकी छोटी, आणि आप कुबी, म्हणजे लांब आणि पुढचा गुडघा वाकवलेली. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी पाय समांतर ठेवून उभं राहायची नारानी सोगी असते, तिच्यात दोन पायांत एका पावलाचं अंतर ठेवायचं.

माप स्वतःच्या पावलात मोजा.

आप सोगी: पुढच्या अंगठ्यापासून मागच्या टाचेपर्यंत सगळी मिळून सुमारे तीन पावलं. म्हणजे दोन पायांच्या मध्ये एक पाऊल मावतं. दोन्ही गुडघे सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. मागचं पाऊल थोडं बाहेर वळलेलं, साधारण ३० अंशांपर्यंत. रस्त्यात चालताना कुणी हाक मारली आणि आपण थांबलो, तर जसे उभे राहू तसं.

आप कुबी: चार ते साडेचार पावलं लांब आणि आडवं अंतर एका मुठीचं. पुढचा गुडघा इतका वाकलेला, की सरळ उभं धड ठेवून खाली पाहिलं तर गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत दिसतात. मागचा पाय ताठ, पाऊल ३० अंश बाहेर, टाच जमिनीला टेकलेली. वजनाचा दोन-तृतीयांश भाग पुढे.

सराव असा करा. हात कमरेवर ठेवून आप सोगीत सहा पावलं पुढे जा आणि थांबून प्रत्येक वेळी मधल्या जागेत तिसरं पाऊल ठेवून मोजा. मग आप कुबीत तेच. मोजायचा कंटाळा येतो, आणि नेमका तिथेच लोक हा टप्पा सोडतात.

> तपासणी: आप कुबीत उभं राहून मागच्या टाचेखाली कागदाची घडी ठेवा आणि ठोसा मारा. दुसऱ्या कुणालातरी ती ओढायला सांगा. सहज निघाली तर ठोशाबरोबर टाच उठते आहे. बहुतेकांची उठतेच. मागची मांडी ताणली गेली पाहिजे आणि ठोशाचा रेटा त्या टाचेतून यायला हवा.

या टप्प्यावरच्या नेहमीच्या चुका तीन. आप सोगीत गुडघे किंचित वाकलेले राहतात, मग ती ना आप सोगी असते ना आप कुबी. आप कुबीत पाय एकाच रेषेत येतात आणि माणूस डुगडुगतो. तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते. पूमसे पुढे जाते तसतशा दोन्ही सोग्या एकमेकींसारख्या होत जातात. लहान आणि लांब यातला फरक लांबून बघणाऱ्यालाही कळला पाहिजे.

## टप्पा २: नऊ वळणं

हातांना अजून सुट्टी द्या. इल जांगमध्ये नऊ वळणं आहेत आणि त्यांचा एक नियम आहे. तो कळला, की "आता कुठला पाय?" हा प्रश्न उरत नाही.

प्रत्येक वळणात जो पाय हलतो तोच पुढचा पाय होतो, आणि वळणं डावा-उजवा-डावा-उजवा अशी आलटून पालटून येतात. पहिलं वळण डाव्या पायाचं आणि नववंही डाव्याच पायाचं.

नऊपैकी सहा वळणं काटकोनाची, तीन मागे वळायची. मागे वळायची वळणं दुसरी, पाचवी आणि आठवी. दरवेळी एका बाजूला जाऊन उलट बाजूला यायचं असतं, तेव्हा ती येतात.

मागे वळताना काय होतं ते एका वळणावर नीट बघा. तुम्ही डावीकडे तोंड करून उभे आहात आणि उजवा पाय पुढे आहे. आता उजवीकडून मागे फिरायचंय. आधी नजर आणि मान उजव्या खांद्यावरून मागे वळते. मग डाव्या तळव्याच्या पुढच्या भागावर, बोटांच्या मुळाशी, शरीर फिरतं. त्याच वेळी उजवा पाय उचलून नव्या दिशेला पुढे ठेवला जातो. लोक करतात ते उलटंच. आधी पाय फेकतात, मग शरीर फिरवतात आणि सगळ्यात शेवटी कुठे आलो ते बघतात. त्यामुळे पाय एकमेकांना ओलांडतात आणि दोन वळणांत माणूस चौकटीच्या बाहेर.

फुलीवर उभं राहून फक्त पायांनी सगळी आकृती चालून घ्या:

१. डावं वळण, एक पाऊल पुढे. मागे वळणं, एक पाऊल पुढे. सगळं आप सोगीत.
२. डाव्या पायाने मूळ समोरच्या दिशेला, आप कुबीत.
३. उजवीकडे वळण, एक पाऊल. मागे वळणं, एक पाऊल. आप सोगीत.
४. उजव्या पायाने पुन्हा समोर, आप कुबीत.
५. डावीकडे वळण, एक पाऊल. मागे वळणं, एक पाऊल. आप सोगीत. या दोन पावलांच्या जागी पुढे लाथा येतील.
६. उजवीकडे काटकोनात वळून डावा पाय पुढे. आता तोंड सुरुवातीच्या जागेकडे. आप कुबी. मग उजवं पाऊल पुढे, पुन्हा आप कुबी.
७. उजव्या पायावर डावीकडून मागे फिरून नारानी सोगी. हे शेवटचं फिरणं नऊ वळणांत धरलेलं नाही.

वरून पाहिलं तर तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी रेघ. आडव्या रेघांवर आप सोगी, उभ्या रेघेवर आप कुबी. एवढं लक्षात ठेवलं तरी सोग्यांचं निम्मं पाठांतर संपतं.

> तपासणी: शेवटी फुलीवर परत आलात का? पाऊलभराचा फरक चालेल. डावीकडे किंवा उजवीकडे सरकला असाल, तर आप सोगीची पावलं असमान आहेत. पुढे किंवा मागे राहिलात, तर आप कुबीची लांबी बदलते आहे, बहुतेक वेळा शेवटच्या दोन पावलांत, कारण तिथे दम आणि धीर दोन्ही संपलेले असतात.

## टप्पा ३: हात कुठून निघतो

इल जांगमध्ये हाताच्या चारच गोष्टी आहेत. आरे माक्की, मोमतोंग आन माक्की, ओलगुल माक्की आणि मोमतोंग जिरुगी, म्हणजे खालचा, आत येणारा आणि वरचा बचाव, आणि छातीच्या उंचीचा ठोसा. सगळे शेवटच्या जागेकडे लक्ष देतात. खरी गडबड निघायच्या जागेत असते.

आरे माक्की. बचाव करणारी मूठ विरुद्ध खांद्यापाशी, बोटांची बाजू चेहऱ्याकडे. दुसरा हात खाली समोर. हात एकमेकांना ओलांडताना बचावाचा हात बाहेरच्या बाजूला. संपताना मूठ पुढच्या मांडीच्या वर सुमारे दोन मुठींच्या अंतरावर. मांडीला चिकटलेली मूठ किंवा पार बाजूला फेकलेला हात, दोन्ही चूक.

मोमतोंग आन माक्की. हात बाहेरून, खांद्याच्या उंचीवरून निघून आत येतो आणि मनगट शरीराच्या मधल्या रेषेवर थांबतं. मूठ खांद्याच्या उंचीला. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हात मधली रेषा ओलांडून पार पलीकडे जातो. धोका तिथे नाही, मग हात तिथे कशाला?

ओलगुल माक्की. हात विरुद्ध कमरेपासून निघतो, चेहऱ्यासमोरून वर जातो. मनगट चेहऱ्याच्या मध्यावर, कपाळापासून एका मुठीच्या अंतरावर. लहान मुलं डोक्यावर हात ठेवून ऊन अडवल्यासारखं करतात. ते तेव्हाच सुधारा, मोठेपणी जात नाही.

मोमतोंग जिरुगी. मूठ कमरेपाशी, बोटं वर. जाताना सरळ जाते आणि अगदी शेवटी पालथी होते. लक्ष्य छातीच्या पिंजऱ्याखालचा खड्डा, खांदा नव्हे. दुसरा हात त्याच क्षणी कमरेला येतो. मागे खेचणारा हात आळशी असला की ठोसाही आळशी दिसतो.

आता सगळ्यांत गोंधळाची गोष्ट: कुठला हात. इल जांगमध्ये ठोसे दोन प्रकारचे आहेत. पहिल्या आडव्या रेघेवर, लाथांनंतर आणि अगदी शेवटी, जो पाय पुढे तोच हात. उभ्या रेघेवर वर जाताना आप कुबीत आणि दुसऱ्या आडव्या रेघेवर उलट हात. आन माक्कीसुद्धा उलट हाताची: उजवा पाय पुढे असताना डाव्या हाताने. बाकी दोन्ही माक्की पुढच्या पायाच्याच हाताच्या. ही यादी कागदावर लिहून दाराला चिकटवा. आठवडाभरात कागद काढून टाकता येईल.

> सावधान: हवेत ठोसा मारताना कोपर शेवटी खाडकन ताठ करू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष. मूठ थांबवायची ती स्नायूंनी, सांध्याने नव्हे.

## टप्पा ४: जोडणी

आता पाठांतर. वरचे तीन टप्पे झाले असतील, तर ते एका संध्याकाळी होतं.

पूर्ण पूमसे एकदम करू नका. तीन आडव्या रेघा वेगवेगळ्या करा. पहिली रेघ: आरे माक्की आणि ठोसा, दोन्ही बाजूंना. मग समोर आप कुबीत आरे माक्की आणि जागेवरच उलट हाताचा ठोसा. दुसरी रेघ: आन माक्की आणि उलट ठोसा, दोन्ही बाजूंना. पुन्हा समोर आरे माक्की आणि उलट ठोसा. तिसरी रेघ: ओलगुल माक्की, आप चागी (समोरची लाथ), ठोसा, दोन्ही बाजूंना. मग वळून आरे माक्की आणि शेवटचा ठोसा.

प्रत्येक तुकडा बसला, की पुढचा जोडा. आणि एकदा तरी शेवटाकडून सुरू करा: शेवटचा तुकडा, मग शेवटचे दोन. नेहमी पहिल्यापासून करणाऱ्यांची सुरुवात झकास असते आणि शेवट कच्चा, कारण शेवटाचा सराव सगळ्यात कमी झालेला असतो.

हात आणि पाय एकाच वेळी पोचले पाहिजेत. पाय टेकल्यावर हात येत असेल तर वेग निम्मा करा. आकड्यांवर करा: "हाना, दुल, सेत" (एक, दोन, तीन), आणि प्रत्येक आकड्यावर थांबून बघा. सरांनी आकडे म्हटल्यावर जे थांबतात आणि घरी एकटे करताना धावतात, त्यांच्यासाठी हे खास.

## टप्पा ५: दोनच लाथा, पण दोन्ही जपून

आप चागीला गुडघा आधी वर येतो, मग पाय सुटतो. पायाची बोटं मागे ओढलेली, लागायचा भाग तळव्याचा पुढचा उंचवटा. नंतर गुडघा परत मागे घेऊन पाय खाली ठेवायचा.

इल जांगमधली सगळ्यात महागडी चूक इथे होते. लाथ मारल्यावर शरीर पुढे पडतं आणि पाय लांब जाऊन टेकतो. आप सोगीच्या जागी आप कुबी होते, तीही अर्धवट. उपाय एकच: लाथ मारून गुडघा वर घेऊन एक क्षण एका पायावर थांबा, मग पाय ठेवा. जो थांबू शकत नाही त्याने लाथेची उंची कमी करावी. छातीच्या उंचीची लाथ ताब्यात असेल तर ती डोक्याएवढ्या डळमळत्या लाथेपेक्षा केव्हाही बरी. पालकांना उंच लाथ आवडते, ते सोडून द्या.

> तपासणी: लाथेच्या आधी आणि नंतर डोकं एकाच उंचीवर आहे का? लाथेच्या वेळी आधाराची टाच उठून अंग उंच झालं, की पुढचा ठोसा कमजोर पडतो.

## टप्पा ६: नजर, श्वास, किहाप

नजर दिशेच्या आधी वळते, हे वळणांत आलंच. ती जमिनीवर नको. समोर आपल्याच उंचीचा माणूस आहे अशी ठेवा. श्वास हालचाल पूर्ण होताना सुटतो, तोंडाने फुसफुस आवाज न काढता. इल जांगमध्ये किहाप, म्हणजे जोरात दिलेली आरोळी, एकच, शेवटच्या ठोशावर. काही मुलं प्रत्येक ठोशावर ओरडतात, काही एकदाही नाही. दोन्हीला गुण कापले जातात. आणि किहाप पोटातून. घसा बसला तर तो किहाप नव्हता.

लयीबद्दल थोडक्यात: सगळ्या हालचाली सारख्या वेगात नसाव्यात. बचाव आणि त्यामागचा ठोसा जवळजवळ येतात, वळणाआधी श्वासभर जागा असते. पण लय शोधायची ती या टप्प्यावर. तिसऱ्या टप्प्यातच लय शोधणारे नाचतात.

## टप्पा ७: दोजांगमधली वागणूक

दोजांगच्या, म्हणजे क्लासच्या भिंतीवर पाच तत्त्वं लिहिलेली असतात, आयटीएफच्या क्लासमध्ये तर ठरलेली: सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम, अजिंक्य वृत्ती. मुलं ती रोज मोठ्याने म्हणतात. म्हणण्याला माझी हरकत नाही, पण ती कुठे वापरायची हे कुणी सांगत नाही. म्हणून नेमकी यादी:

आत येताना आणि बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबून वाकून नमस्कार. कुक्कीवॉनच्या पद्धतीत कंबर सुमारे १५ अंश आणि मान ४५ अंश वाकते. हात बाजूला, टाचा जुळलेल्या. घाईत चालता चालता मान हलवणं म्हणजे नमस्कार नव्हे. गुरुपौर्णिमेला सरांच्या पाया पडायचं असेल तर जरूर पडा, ती आपली रीत आहे. पण वर्ग चालू असताना रांगेत सगळ्यांनी एकच रीत पाळायची, म्हणजे वाकून नमस्कार.

दोबोक (गणवेश) किंवा पट्टा नीट करायचा असेल तर सर आणि झेंड्यांकडे पाठ करून, बाजूला वळून करा. पूमसे चालू असताना पट्टा सुटला तर थांबू नका, पूर्ण करून मग बांधा.

काही देता-घेताना दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन. पट्टा, प्रमाणपत्र, किकिंग पॅड, सगळंच.

ज्युनिअरला सुधारताना एका वेळी एकच चूक सांगा आणि तीही सरांनी सांगितलं असेल तरच. ग्रीन बेल्टचा मुलगा यलो बेल्टच्या पोरीला सगळ्यांसमोर पाच चुका ऐकवतो तेव्हा तिची पूमसे सुधारत नाही, बिघडते. अंगाला हात लावून कोपर किंवा गुडघा सरळ करायचा असेल, तर आधी विचारा. हे सरांनाही लागू आहे.

जोडीने अर्थ बघताना, म्हणजे समोरच्याने लाथ मारायची आणि आपण आरे माक्की करायची, तेव्हा जोर शून्य. अंगाला लागण्याआधी थांबता येत नसेल तर तुमची ती हालचाल अजून तयार नाही. आत्मसंयम भिंतीवरून खाली येतो तो इथे. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एकमेकांना नमस्कार, लागलं असेल तर आधी चौकशी.

शाळेत, गल्लीत करून दाखवू नका. सोसायटीच्या कार्यक्रमात दाखवायचं असेल तर सरांना विचारून. दुसऱ्याच्या मुलाची चुकलेली पूमसे रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणं हे तर सरळ असभ्यपणाचं आहे, मग ते कितीही गमतीत असो.

> सावधान: यूट्यूबवर बघून हालचाल बदलली असेल, तर ती गुपचूप वर्गात करू नका. सरांना दाखवा, विचारा. कधी सर जुनी पद्धत शिकवत असतात, कधी व्हिडिओच चुकीचा असतो. निकाल रांगेत उभं राहून लावायचा नसतो.

## टप्पा ८: परीक्षा आणि स्पर्धा

नाव पुकारलं की "ये" (कोरियनमध्ये 'हो') म्हणून धावत जागेवर. चारियोत (सावधान), क्योंगन्ये (नमस्कार), जुनबी (तयार). जुनबीत मुठी पोटासमोर येताना घाई करू नका. परीक्षक तुम्हाला पहिल्यांदा नीट बघतात ते इथे. "शिजाक" (सुरू) म्हटल्यावरच सुरुवात.

मध्ये विसरलात तर थांबा, श्वास घ्या आणि आठवेल तिथून पुढे जा. चेहरा वाकडा करणं, सरांकडे बघणं, हसणं नको. शेवटचा ठोसा झाल्यावर "बारो" (मूळ स्थितीत परत) येईपर्यंत तसेच थांबा. शेकडो मुलं इथे घाई करतात. "शियो" (विश्राम) झाल्यावर नमस्कार करून, पाठ न फिरवता दोन पावलं मागे जाऊन मग वळा.

स्पर्धेत उतरणार असाल तर वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत मान्य पूमसेला १० पैकी गुण असतात: अचूकतेला ४ आणि सादरीकरणाला ६. सादरीकरणात वेग-ताकद, लय आणि जोश यांना प्रत्येकी २. अचूकतेत छोटी चूक ०.१ ने कापली जाते, मोठी ०.३ ने. सोगी चुकणं, चुकीचा हात, किहाप विसरणं अशा गोष्टींचा हिशेब इथे होतो. हे लक्षात घेतलं, की पहिल्या दोन टप्प्यांवर एवढा वेळ का घालवायचा ते समजतं. पाय दुरुस्त असलेल्याचे दशांश वाचत जातात.

शेवटी प्रमाणपत्राबद्दल, कारण फसवणूक इथे होते. रंगीत पट्ट्यांची परीक्षा क्लास किंवा संघटना घेते. कुक्कीवॉनचं प्रमाणपत्र मिळतं ते ब्लॅक बेल्टपासून: १५ वर्षांखालच्यांना 'पूम', त्यापुढे 'दान'. पहिल्या दानवरून दुसऱ्याला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, तिसऱ्यावरून चौथ्याला तीन वर्षं जावी लागतात. वर्षभरात दोन दान देऊ म्हणणाऱ्याचा कागद कुक्कीवॉनचा नसतो. आपल्या प्रमाणपत्राचा क्रमांक कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्यांचाही विचारा. ते दाखवायला खळखळ करत असतील, तर फी परत मागायची वेळ येण्याआधीच दुसरा क्लास बघा.

इल जांग इथवर आली की ई जांगकडे, म्हणजे दुसऱ्या पूमसेकडे जा. तिथे लाथेनंतरचा ठोसा चेहऱ्याच्या उंचीवर जातो, बाकीचं बरंच ओळखीचं असतं. तिसऱ्या, साम जांगमध्ये मात्र द्वित कुबी, म्हणजे मागच्या पायावर वजन असलेली सोगी, आणि हाताच्या कडेच्या हालचाली पहिल्यांदा येतात. तिथे पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करा, हात कमरेवर ठेवून.